नाळेचं रक्त आणि नायट्रोजनची टाकी

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे आणि ती मोडायची आमच्या हिची अजिबात तयारी नव्हती. लेक पुण्यात राहते, तिथं दवाखान्यांना काय तोटा? पण सातव्या महिन्यातलं डोहाळेजेवण झालं आणि पुढच्याच आठवड्यात लेक दोन बॅगा घेऊन कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येऊन राहिली. कंपनीचं काम ती माझ्या जुन्या टेबलावर लॅपटॉप ठेवून करायची. त्या टेबलाच्या खालच्या खणात माझ्या नोकरीतल्या काही वस्तू पडून होत्या. खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे, एक लांब चिमटा आणि नायट्रोजन मोजायची लाकडी पट्टी. "पप्पा, हे आता टाकून देऊ का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

माझी नोकरी काय होती हे सांगायला हवं. शहरातल्या लोकांना सांगितलं की ते एकतर हसतात नाहीतर विषय बदलतात. मी दूध संघाकडं होतो. वारणानगरच्या पुढच्या दहाबारा गावांत फिरून गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचं, हे माझं काम. म्हैस माजावर आली की घरचं माणूस डेअरीत निरोप ठेवायचं आणि मी मोटारसायकलला मागं ॲल्युमिनियमची टाकी बांधून पोचायचो. टाकीत पातळ नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या कांड्या, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या बारीक नळ्या. चिमट्यानं कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची आणि म्हैस भरवायची. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पदविका केलेला माणूस होतो. पण कुणी डॉक्टर म्हटलं तर मी कधी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

म्हणजे गोठवून ठेवलेला जीव पाठीशी बांधून मी उभा जन्म हिंडलेलो. आणि नेमकं तेच आमच्या दारात आलं.

एका रविवारी जावई पुण्याहून आले. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, जयसिंगपूरहून आल्या. त्यांचं तिथं भुसारी मालाचं दुकान आहे. आणि या दोघांबरोबर एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. नाळेचं रक्त साठवून ठेवणाऱ्या एका कंपनीची ती प्रतिनिधी. जावयांनी आम्हाला आधी काही सांगितलं नव्हतं. सहज आलोय म्हणाले, पोहे खाल्ले, आणि मग त्या मुलीला म्हणाले, "हां, आता सांगा यांना."

मुलगी बोलायला चांगली होती. बाळ जन्मल्यावर नाळ कापतात, त्या नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं ते एरवी फेकून देतात. त्यात मूळ पेशी असतात. त्या साठवल्या तर पुढं बाळाला किंवा घरातल्या कुणाला रक्ताचा मोठा आजार झाला तर उपयोगी पडू शकतात. बाळंतपणाच्या वेळी त्यांचा माणूस पिशवी घेऊन हजर राहणार, रक्त गोळा करणार, आणि ते थेट त्यांच्या प्रयोगशाळेत जाणार.

"तिथं आम्ही ते लिक्विड नायट्रोजनमध्ये, म्हणजे सर, उणे एकशे…"

"शहाण्णव अंश," मी म्हटलं.

मुलगी थबकली. लेक हसली. "पप्पांचं आयुष्य त्यातच गेलंय," ती म्हणाली.

मग मी विचारलं, "नायट्रोजन किती दिवसांनी भरता?"

"सर, सगळं ऑटोमॅटिक असतं."

"ऑटोमॅटिक असतं ते ठीक. पण बघतं कोण? पट्टी घालून बघतं का कुणी? नायट्रोजन उडून जातो बाई. झाकण घट्ट लावलं म्हणून राहत नाही. गाडी एक दिवस आली नाही तर?"

"सर, बॅकअप असतो, अलार्म असतो…"

"आणि अलार्म वाजला तेव्हा माणूस जत्रेला गेला असला तर?"

माझा आवाज चढला होता. हिनं आतून येऊन माझ्याकडं डोळे वटारले. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. ती पाठ केलेलं नीट सांगत होती, आणि तिच्या टाक्या माझ्या टाकीपेक्षा शंभर पटीनं चांगल्या असणार हे मलाही कळत होतं. पण खाई त्याला खवखवे. मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आतून विहीणबाईंचा आवाज आला. कधी नव्हे तो हळू. "पावणं, रागवू नगासा. माझ्यासाठी चाललंय ह्ये सगळं." मी वळून बघितलं तर त्यांनी पदर तोंडाला लावलेला. त्यांचा थोरला मुलगा, जावयांचा भाऊ, सात वर्षांचा असताना रक्ताच्या आजारानं गेला, एवढं आम्हाला सोयरीक जमवतानाच माहीत होतं. त्यापुढचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. "त्येची नाळ म्या माझ्या हातानं परड्यात पुरली. ह्या पोरीनं सांगितलं, त्यातच औषध असतंय. आता तुमीच सांगा, माझ्या लेकराचं औषध म्या मातीत घातलं का न्हाय?"

  प्रतिनिधी मुलीनं टॅबलेट मिटला आणि ती कागद ठेवून गेली. जावई जाताना लेकीला म्हणाले, "तुझं पोट, तुझं बाळ. तू ठरव. पण आईचं बघितलंस ना?" आणि मला म्हणाले, "मामा, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही हो म्हटलं तर हो."

आता आली का पंचाईत! घरात गोठवण्याचं कळणारा मी एकटा, म्हणून निकाल माझ्यावर.

दोन दिवस लेकीनं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलापाशी बसली होती, मी पेपर वाचत होतो. तिनं खालचा खण ओढला, लाकडी पट्टी बाहेर काढली आणि म्हणाली, "पप्पा, जत्रेला कोण गेलं होतं?"

पोर लहानपणापासून अशीच. सगळे बोलत असतात तेव्हा ही ऐकत असते, आणि चार दिवसांनी नेमकं बोट ठेवते.

मी आधी उडवून लावलं. मग सांगितलं. हिलाही कधी सांगितलेलं नव्हतं, ते तिला सांगितलं.

लेक तेव्हा बालवाडीत असेल. चैत्रात आमच्याकडं गावोगावच्या जत्रा असतात, आणि डॉक्टर म्हटल्यावर मला प्रत्येक गावचं आवतण. नाही गेलं तर माणसं रुसतात. त्या वर्षी लागोपाठ दोन गावांत जेवणं झाली, दोन्हीकडं मुक्काम झाला, आणि त्याच दिवसांत नायट्रोजनची गाडी येऊन गेली. माझी टाकी न भरता. मी परत आलो तेव्हा पट्टी घालून बघायला हवं होतं. पट्टी टाकीत घालून बाहेर काढली की जिथवर नायट्रोजन असतो तिथवर तिच्यावर पांढरं हिव धरतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी केलं नाही. माझ्या मनात होतं, अजून आठवडाभर जाईल.

निरोप आला म्हणून एका घरी गेलो. घरात बाई आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. दावणीला एकच म्हैस. टाकीचं झाकण उघडलं. एरवी झाकण उघडलं की तोंडातून पांढरी वाफ भसाभसा बाहेर पडते, लहान मुलं ती बघायला गोळा व्हायची. त्या दिवशी वाफ आली नाही.

मला कळलं. तिथल्या तिथं कळलं. टाकी कोरडी पडली होती, कांड्या मेल्या होत्या. झाकण लावायचं आणि म्हणायचं, बाई, आज नाही, उद्या दुसऱ्याची टाकी घेऊन येतो. एवढंच करायचं होतं. पण ती म्हैस धरून उभी होती, माझ्याकडं बघत होती, आणि मी डॉक्टर होतो. मी मेलेली कांडी काढली, कोमट पाण्यात धरली आणि म्हैस भरवली. वर म्हटलं, काळजी करू नका.

म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो, दिसत नाही. बाई गाभण समजून बसली. तीन महिन्यांनी मी हात घालून तपासलं तेव्हा म्हैस रिकामी. बाईनं विचारलं, असं कसं झालं? आणि मी म्हटलं, "म्हशीतच खोट आहे."

 कोरडी टाकी ही चूक होती, चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या मुक्या जनावरावर मी खोटं लादलं. बाईनं म्हैस विकली. त्या घरात दोन वर्षं दुभतं नव्हतं, हे मला डेअरीच्या लोकांकडून कळत होतं. माझी बदली झाली आणि मी सुटलो असं मला वाटलं.

लेक बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत बसली. मी वाट बघत होतो की ती म्हणेल, जाऊ द्या पप्पा, जुनी गोष्ट आहे. ती म्हणाली, "मग तुम्ही नाही म्हणताय ते त्या कंपनीला म्हणताय की स्वतःला?"

"ते मलाही कळत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"त्या बाईंना सांगितलंत?"

"नाही."

"आधी त्यांना सांगून या. मग मला काय ते सांगा. तोपर्यंत तुमचं मत मी धरत नाही."

बापाला असं बोलायचं असतं का? मला राग आला. संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला किक मारली.

गाव ओळखू येत नव्हतं. पत्र्याच्या जागी स्लॅब, डेअरीला काचेचं दार. पण घर तिथंच होतं, दारात चिंच तशीच. बाई आता म्हातारी झाली होती, सासू केव्हाच गेलेली. तिनं मला बघितलं, डोळ्यांवर हात धरला, आणि म्हणाली, "डाक्टर न्हवं? आरं द्येवा, आज कुनीकडनं वाट चुकलासा?"

गोठ्यात दोन म्हशी होत्या. मी त्यांचं कौतुक केलं. पावसापाण्याचं विचारलं, डेअरीत फॅट किती लागतं ते विचारलं. ती ऐकत होती, उत्तरं देत होती. मग एकदम म्हणाली, "डाक्टर, ताकाला यिऊन भांडं कशाला लपवताय? काय काम काढलंय?"

तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. टाकी कोरडी होती. मला माहीत होतं. म्हशीत खोट नव्हती, खोट माझ्यात होती.

तिनं शेणाचे हात बादलीत धुतले, पदराला पुसले. मला वाटलं आता शिव्या घालेल. कोल्हापूरकडची बाई, ती काही मागं राहणार नाही.

"मला म्हाईत हुतं की," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्या दिशी वाफ आली न्हाय. दर खेपंला तुमी टोपान उघडलं की धुक्यागत यायची. माझी सासू म्हनायची, डाक्टरनं ढग भरून आनलाय. त्या दिशी काय आलं न्हाय. मला दिसलं की."

 इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की ते फक्त मला दिसलं.

"मग बोलला का नाहीत?"

"म्या काय बोलू? तुमी शिकल्याली मान्सं. म्हनलं, त्येंचं त्येस्नी कळत आसंल." तिनं बादली बाजूला सरकवली. "फुडं तुमी म्हशीत खोट हाय म्हनलासा, तवा मला वाटलं, आपल्यालाच नीट दिसलं नसंल. म्हस इकली. ज्येनं घेतली त्येच्याकडं वरसाच्या आत गाभन ऱ्हायली. रेडी झाली. लई ग्वाड रेडी. जाऊन बघून आलतो मी."

असं म्हणून ती आत गेली आणि चहा टाकला. मी चिंचेखालच्या कट्ट्यावर बसलो आणि मला रडू आलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा झाल्यावर ती म्हणाली, "आता सांगून काय म्हस माघारी येती व्हय? पर आलासा ते बरं केलासा." आणि चुलीवर काही आहे म्हणून उठली. मी घरी आलो.

लेकीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. रेडीचंही. तिनं मला काही विचारलं नाही, फक्त डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि जयसिंगपूरला फोन करून सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही पण चला माझ्याबरोबर. तुम्हाला जे विचारायचं ते तुमच्या तोंडानं विचारा. मनात ठेवू नका."

डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मी नुसता सोबतीला. डॉक्टरबाई घाईच्या माणूस, पण त्या दिवशी त्यांनी वेळ दिला. नाळेच्या रक्ताचा उपयोग खोटा नाही, म्हणाल्या. घरात आत्ता एखादं भावंड तशा आजारानं आजारी असतं तर त्यांनीच ते ठेवायला सांगितलं असतं. तसं कुणी नाही, म्हणून त्या आग्रह करणार नाहीत. आणि आणखी एक सांगितलं. नाळ लगेच कापली नाही, नाळेतले ठोके बंद होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबलं, तर त्यातलं बरंचसं रक्त बाळाच्याच अंगात जातं. पिशवी नीट भरायची तर थांबता येत नाही. थांबलं तर पिशवीत थोडंच येतं.

"जुन्या सुइणी वार पडल्याशिवाय नाळ कापत नव्हत्या," मी म्हटलं. "आणि गाय तर कधीच घाई करत नाही. ती उठते तेव्हा नाळ आपली आपण तुटते."

"काका, गाईचं राहू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण हसल्या.

मग विहीणबाईंनी विचारलं. हात जोडूनच विचारलं. "बाई, माझ्या थोरल्याची नाळ म्या पुरली. तवा ह्ये ठेवाय आलं असतं, तर त्यो वाचला असता का?"

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव विचारलं, तेव्हाचे कागद काय म्हणत होते ते विचारलं. विहीणबाईंना सगळं तोंडपाठ होतं. ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, या आजारात मुलाचं स्वतःचं नाळेचं रक्त सहसा त्यालाच देत नाहीत. आजाराचं बी पुष्कळदा जन्मतःच त्या रक्तात असतं. तुम्ही ते सोन्याच्या डबीत ठेवलं असतं तरी आम्ही त्याला दिलं नसतं."

"म्हंजे म्या पुरलं, त्यात त्येचं औषध नव्हतं?"

"नव्हतं."

"माझं काय चुकलं न्हाय?"

"काही चुकलं नाही."

विहीणबाई रडल्या. भर दवाखान्यात, आवाज काढून. लेकीनं पोट सांभाळत त्यांना जवळ घेतलं. मी भिंतीकडं बघत बसलो. एकाच महिन्यात दोन माणसं आपापलं ओझं उतरवायला गेली होती, विहीणबाई आणि मी. त्यांना तुमचं काही चुकलं नाही असं उत्तर मिळालं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि त्यांच्यासाठी फार बरंही वाटलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना विहीणबाई स्वतःच सुनेला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई ती पिशवी. रगात पोराच्या अंगातच जाऊ दे." लेकीनं त्याच रात्री जावयांना कळवलं आणि कंपनीच्या मुलीला नकाराचा मेसेज केला. मला म्हणाली, "पप्पा, त्यांची टाकी कोरडी पडेल म्हणून मी नको म्हणत नाही हं. त्यांची टाकी चांगलीच असणार."

"माहीत आहे," मी म्हटलं.

बाळंतपण सकाळी झालं. मुलगी. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो, ही देवाचं म्हणत होती, जावई फेऱ्या मारत होते. मला आत काय झालं ते दुसऱ्या दिवशी लेकीनं सांगितलं. ही बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि लेक उशीला टेकून आंबील पीत होती.

"पप्पा, बाळ झालं आणि पोटावर ठेवलं माझ्या. मोठ्या डॉक्टरबाई मला बघत होत्या. तेवढ्यात बाजूच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी चिमटे उचलले, नाळेला लावायला. मला वाटलं, लवकर होतंय, नाळ तर अजून उडताना दिसतेय. एक मिनिट कुठं झालंय? मग वाटलं, त्यांना माहीत असेल. त्या डॉक्टर आहेत. मी गप्पच बसणार होते."

"मग?"

"मग तुमच्या त्या आजी आठवल्या. वाफ आली नाही म्हणणाऱ्या. आणि मी ओरडलेच, 'थांबा! नाळेत अजून ठोके पडतायत!' सगळे थांबले की. मोठ्या डॉक्टरबाईंनी बघितलं, म्हणाल्या, 'बरोबर आहे तिचं, थांबा.' माझा हात धरून नाळेवर ठेवला. ऊन लागत होती पप्पा. आणि हळूहळू ठोके बंद झाले. मग कापली."

मी नातीकडं बघितलं. चांगली लालबुंद होती. मी तिचं टोपडं नीट केलं.

"बर्फी घेऊन जा त्यांच्याकडं," लेक म्हणाली. "आणि सांगा त्यांना."

बाळ-बाळंतीण घरी आल्यावर मी गेलो. म्हातारी चिंचेखाली बसून चिंचा फोडत होती. बर्फीचा पुडा मी तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. दवाखाना, चिमटा, ठोके, माझी लेक काय आठवून ओरडली ते. ती चिंचोके बाजूला करत ऐकत होती.

"म्हंजे मला दिसलेलं वाया न्हाय गेलं म्हना," ती म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. तिनं बर्फीचा तुकडा मोडला, अर्धा मला दिला.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "डाक्टर, एक विचारू? खरं सांगा. त्या दिशी म्या म्हनलं आसतं, वाफ आली न्हाय, ऱ्हाऊ द्या, तर तुमी आयकलं आसतासा?"

मी त्या दिवशीचा मी आठवला. मोटारसायकल, टाकी, गावभर डॉक्टर डॉक्टर.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यावरच ओरडलो असतो."

"त्येच की," ती म्हणाली आणि पुन्हा चिंचा फोडायला लागली. "म्हनूनच त्वांड उघडलं न्हाय."